रक्त तपासावे केव्हा आणि कोणाचे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि स्नेहभोजन यांच्या मधला वेळ आम्हांस देण्यात आला आहे. पाने मांडली जात असताना रक्ताच्या गोष्टी काढणे प्रशस्त नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. तरीही विषय हाच निवडला. कारण आपल्या ज्ञातीतील एवढी कुटुंबे एका मांडवाखाली वर्षातून एकदाच भेटतात आणि जे सांगावयाचे आहे ते एकेका घरी जाऊन सांगण्यासारखे नाही. सर्वांनी एकाच वेळी ऐकले, तरच त्याचा उपयोग.

इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात आमच्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. सकाळी सातपासून बाकांवर माणसे येऊन बसलेली असतात. कोणाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी, कोणाच्या कडेवर मूल. खिडकीतून एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो : “उपाशीपोटी आहे, पण नुसता चहा घेतला, चालेल ना?” चालत नाही. उपाशीपोटी साखर तपासावयाची असेल तर आधीचे निदान आठ तास पाण्याखेरीज काहीही पोटात जाता कामा नये. एकादशीचा उपवास आणि इस्पितळाचा उपवास यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेली माणसे “आमचा कडक उपवास आहे” असे निःशंकपणे सांगतात, तेव्हा काय उत्तर द्यावे हे कळेनासे होते!

दंडावर रबरी पट्टा बांधला जातो, सुई टोचली जाते आणि एकामागून एक नळ्या भरल्या जातात. त्यांच्या बुचांचे रंग निरनिराळे असतात. हे शोभेसाठी नव्हे. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. पेशी मोजावयाच्या त्या याच नळीतून. करड्या बुचाच्या नळीत फ्लोराइड असते, कारण नळीत भरल्यानंतरही रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. त्यांना थोपविले नाही तर तास उलटतील तशी साखर घटत जाते. निळ्या बुचाच्या नळीत रक्त व औषध यांचे प्रमाण नऊास एक असावे लागते, म्हणून ती नेमक्या खुणेपर्यंत भरावी लागते. पट्टा बांधून मूठ जोरजोराने उघडझाप केली तर रक्तातील पोटॅशियम उगाच वाढलेले दिसते. सांगण्याचा मुद्दा असा की, यंत्र कितीही उत्तम असो, रिपोर्टातील आकडा खरा की खोटा हे पुष्कळ वेळा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेले असते. मागे काही खाल्ले काय, कोणते औषध चालू आहे, अलीकडे रक्त चढविले आहे काय, हे विचारले असता संकोच न करता सांगावे.

मोठ्यांचे एवढे पुरे. मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी असते.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातून दहा-पंधरा मिलिलिटर काढले तर त्याचा पत्ताही लागत नाही. तीन किलो वजनाच्या नवजात अर्भकाचे सगळे रक्त मिळून अडीचशे मिलिलिटर भरते. त्याच्या अंगातून दहा मिलिलिटर काढणे म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगातून दोनशे मिलिलिटर काढण्यासारखे होय. म्हणून जाणती इस्पितळे अर्भकाच्या टाचेला टोचून थेंबांवर काम भागवितात. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमारास टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून एक उपजत विकार हुडकण्याची रीत काढली. आज त्याच थेंबांतून थायरॉइड ग्रंथीची उपजत उणीवही ओळखता येते. ती पहिल्या काही आठवड्यांतच ओळखून औषध चालू केले तर मूल बुद्धीने शाबूत राहते. वेळ गेली तर ते नुकसान भरून येत नाही. आपल्या घरी बाळंतपण झाले की पेढे वाटतात, पाचवी पुजतात. टाचेची तपासणी झाली काय, हे विचारणारा वडीलधारा आम्हांस क्वचितच भेटला.

मुलाला रक्ततपासणीसाठी न्यावयाचे असते तेव्हा आया आणि आज्या हमखास सांगतात, “काही नाही हं बाळा, मुळीच दुखणार नाही.” तेच मूल घरी जेवले नाही की, “डॉक्टर येऊन सुई टोचतील” असा धाक त्याला घातलेला असतो. ही दोन्ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. मुंगी चावल्यासारखे क्षणभर दुखेल, तू मला घट्ट धर, असे खरे सांगावे. आईने किंवा वडिलांनी मुलास मांडीवर घेऊन बसावे. तान्ह्या मुलास त्या वेळी अंगावर पाजता आले तर त्याचे रडणे पुष्कळच कमी होते, हे अनुभवास आलेले आणि प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. कातडी बधिर करणारे मलमही मिळते. ते तासभर आधी लावावे लागते, म्हणून आधी विचारून ठेवावे. चार जणांनी हातपाय दाबून धरलेले मूल पुढील कित्येक वर्षे पांढरा कोट पाहून किंचाळते, हे आम्ही रोज पाहतो.

आणि रिपोर्ट हाती आल्यावर मुलाचा आकडा मोठ्या माणसाच्या मापाने मोजू नये. नवजात बालकाचे हिमोग्लोबिन सोळा-सतरा असते, ते दोन-तीन महिन्यांचे होईतो अकराच्या आसपास उतरते. ही उतरण स्वाभाविक आहे. वाढत्या मुलाच्या हाडांमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्यांच्या दुपटी-तिपटीने दिसते. तीन वर्षांच्या मुलाच्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट अधिक असावयाचेच. पण कागदावर छापलेली मर्यादा बहुधा मोठ्यांची असते, आकड्यापुढे ठळक खूण येते, तो कागद मोबाइलवरून सगळ्या नातलगांत फिरतो आणि घरात सुतकी कळा पसरते.

आता ज्यासाठी हे सारे प्रास्ताविक केले त्या गोष्टीकडे येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. यांपैकी फार मोठा भाग लोहाच्या उणिवेचा आहे, यात शंका नाही. म्हणून फिकट दिसणाऱ्या मुलास लोहाचे औषध देणे बरोबरच आहे. परंतु औषध नीट देऊनही रक्त वाढत नसेल तर काय?

आमच्या पाहण्यातील एका कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा असाच होता. हिमोग्लोबिन साडेनऊ-पावणेदहाच्या वर जात नव्हते. दोन वर्षे लोहाची बाटली चालू होती. खजूर झाले, बीट झाले, अळिवाचे लाडू झाले. आजीबाईंचा निर्णय तर केव्हाच झाला होता : सुनेच्या माहेरीच सगळी पांढरीफटक माणसे, मुलगा तिच्यावर गेला. वास्तविक उत्तर पहिल्याच रिपोर्टात लिहिलेले होते, ते कोणी वाचले नव्हते. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान साठ होते आणि त्यांची संख्या ५.६. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, पण त्यांची संख्याही घटते. येथे पेशी लहान, पण संख्या भरघोस. आकारमानास संख्येने भागले आणि भागाकार तेरापेक्षा कमी आला, तर लोहाच्या उणिवेपेक्षा थॅलसेमियाच्या वाहकपणाचा संशय धरावा, असा एक साधा ठोकताळा आहे. येथे तो पावणेअकरा येतो. ठोकताळा म्हणजे निदान नव्हे. पण पुढची तपासणी करावी हे त्यातून कळते. पुढची तपासणी म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणे. त्यात ए-टू नावाचा प्रकार साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाला तर ती व्यक्ती बीटा थॅलसेमियाची वाहक. मुलाचा निघाला. मग आईचे रक्त तपासले. ते अगदी निर्दोष. वडील म्हणाले, “मी ठणठणीत आहे, माझे कशाला?” आठवडाभर मनधरणी केल्यावर त्यांनी हात पुढे केला. वाहक ते होते.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाहक मनुष्य आयुष्यभर उत्तम राहतो, डोंगर चढतो, नोकरी-धंदा करतो, नातवंडे खेळवितो. रक्त किंचित फिके, एवढेच. लोह प्रत्यक्ष कमी असल्याखेरीज त्यास लोहाच्या औषधाची गरजही नसते. प्रश्न उद्भवतो तो वाहकाचे लग्न वाहकाशी झाले तर. आईवडिलांकडून हिमोग्लोबिन घडविणारे एकेक जनुक मुलाकडे येते. दोघांकडूनही बिघडलेले जनुक आले तर ते मूल थॅलसेमिया मेजर होते. जन्मतः ते गुटगुटीत दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काही महिने पुरते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात ते सुकू लागते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढविणे, चढविलेल्या रक्तातील लोह हृदयात आणि यकृतात साचू नये म्हणून रोज औषध, आणि हे जन्मभर. जुळणारा भाऊ किंवा बहीण मिळाली तर अस्थिमज्जेचे रोपण होऊ शकते. सर्वांनाच ते लाभत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराची गणना झाली आहे, यावरून त्याचे ओझे ध्यानात यावे.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर होण्याचा संभव चारांत एक. “प्रत्येक” या शब्दावर आमचा भर आहे. एक आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी, असा हिशेब पुष्कळ सुशिक्षित घरांतून मांडला जातो. नाणे मागचे लक्षात ठेवीत नाही, तसे हेही. आणि दोष एकट्या आईकडून येऊच शकत नाही. दोन्ही घरांचे दान पडल्याखेरीज हा विकार होत नाही. तरी आजपर्यंत आम्ही पाहिलेल्या अशा घरांत बोलणी खाल्ली ती सुनेनेच.

हे सर्व या व्यासपीठावरून सांगण्याचे कारण आपणांपैकी सूज्ञांच्या ध्यानी आलेच असेल. देशात सरासरीने शंभरांतील तीन-चार माणसे वाहक आहेत. काही ज्ञातींत हे प्रमाण याहून बरेच अधिक आहे. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरिकी होतात तेथे एकच जनुक दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव वाढतो. रक्ताची शुद्धता हा शब्द आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असे. इस्पितळात इतकी वर्षे काढली. तशी कोणतीही तपासणी आमच्या पाहण्यात आली नाही. उलट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो नवा रक्तगट जगापुढे मांडला आणि जो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो, तोही असाच दोन्हीकडून जनुक आल्याने होतो आणि रक्ताच्या नात्यात लग्ने होतात तेथे अधिक आढळतो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ भासतो. पण त्या माणसास ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर प्राणावर बेतते. त्यास बॉम्बे गटाचेच रक्त लागते, आणि असा दाता आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक. विदर्भात व सातपुड्याच्या पट्ट्यात जो सिकलसेल आढळतो त्याचीही चाल हीच. सिकलसेलचे एक आणि थॅलसेमियाचे एक अशी दोन जनुके एकत्र आली तरी मूल गंभीर आजारी होते. सुदैवाने हे दोन्ही एकाच तपासणीत दिसतात. बाहेरच्या समाजात लग्न केले म्हणजे सुटलो, असेही कोणी समजू नये. संभव घटतो, नाहीसा होत नाही. वाहक सर्वत्र आहेत.

परत त्या कुटुंबाकडे वळू. मुलाचे वडील वाहक, तेव्हा त्यांच्या भावंडांपैकी प्रत्येकाचा वाहक असण्याचा संभव निम्मा. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते, साखरपुडा झाला होता. ती मुलगी धीराची. कोणी न सांगता येऊन तिने रक्त दिले. वाहक निघाली. तिने तो कागद स्वतः भावी पतीच्या हाती दिला आणि त्यानेही तपासून घ्यावे, एवढेच सुचविले. त्याचे रक्त निर्दोष निघाले असते, आणि तशीच शक्यता कितीतरी अधिक होती, तर विषय तेथेच संपत होता. दोघेही वाहक निघते, तरी लग्नाला आडकाठी नव्हती. गर्भाची तपासणी करून पुढे जाण्याचा मार्ग होता. परंतु मुलाच्या मातोश्रींनी “रोगी मुलगी पदरात घालीत होते” असे चार घरी सांगून लग्न मोडले. त्या मुलाचे रक्त आजतागायत तपासलेले नाही. सध्या त्याच्यासाठी अन्यत्र स्थळे पाहणे चालू आहे.

या प्रकारानंतर आपल्या काही तरुण सभासदांनी अशी सूचना केली आहे की, वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात गोत्र, नक्षत्र, उंची यांच्याबरोबर थॅलसेमियाचा रकाना असावा आणि तो यादीत छापावा. सूचना सद्‌हेतूची आहे. आमचा तिला विरोध आहे. छापलेल्या रकान्यात ‘वाहक’ हा शब्द ज्या मुलीपुढे येईल तिचे पान लोक उलटतील. मुलाच्या बाबतीत मात्र “हल्ली सगळ्यांनाच असते” असे म्हणतील. आणि या भीतीने कोणी तपासणीच करणार नाही. सायप्रस बेटावर सातांतील एक माणूस वाहक. तेथील चर्चने १९८३पासून विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला. दाखल्यावर तपासणी झाली एवढेच असते. निकाल त्या दोघांपुरता राहतो. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत, आणि थॅलसेमिया मेजर बालकांचे जन्म मात्र तेथे जवळजवळ थांबले. आपल्या अर्जात रकाना हवाच असेल तर एवढाच असावा : ‘तपासणी झाली आहे काय?’ तो वधू व वर दोघांच्याही अर्जात असावा आणि होय असल्याखेरीज अर्ज स्वीकारू नये. कार्यकारी मंडळापुढे आम्ही हा ठराव लेखी दिला असून त्यावर मोकळी चर्चा व्हावी अशी विनंती आहे.

किंबहुना साखरपुड्यानंतर तपासणे हेच उशिराचे. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली की एकदा तपासून घ्यावे. उपाशी राहण्याची गरज नाही; दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरते आणि तपासणी जन्मात एकदाच. लोह फार कमी असेल तर ए-टूचा आकडा खोटा कमी दिसू शकतो, म्हणून सीमेवरचा निकाल आल्यास लोह भरून काढून पुन्हा पाहावे. तीन महिन्यांत रक्त चढविले असेल तर थांबावे. अगदी लहान मुलाचा निकाल वर्ष-दोन वर्षांचे होईपर्यंत पक्का धरू नये. मुंबई, पुणे, नागपूर येथील मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत ही सोय आहे. गावच्या डॉक्टरांनी नमुना पाठविला तरी काम होते. सिकलसेलसाठी तर १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी तिच्यात योजलेली आहे.

ज्या भगिनी आज गरोदर आहेत आणि ज्यांची ही तपासणी झालेली नाही त्यांनी पुढच्या वर्षीच्या संमेलनाची वाट पाहू नये. पाळी चुकताच पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडे ती मागावी. त्या वाहक निघाल्या तर त्याच आठवड्यात पतीची करावी, कारण गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास होते आणि कायद्याच्या मर्यादेत काय करावयाचे तो निर्णय त्या दोघांना पुरेशा अवधीने, शांतपणे घेता आला पाहिजे. पतिराजांनी “मी ठणठणीत आहे” हे वाक्य उच्चारू नये.

भोजनोत्तर आम्ही डाव्या बाजूच्या खोलीत बसून आहोत. ज्यांनी घरातील मुलांचे जुने रिपोर्ट बरोबर आणले असतील त्यांनी ते खुशाल दाखवावेत. तांबड्या पेशींची संख्या आणि आकारमान हे दोन आकडे आम्ही प्रथम पाहू. एका वेळी एकाच कुटुंबाने आत यावे आणि दार लोटून घ्यावे.